एकाच रविवारी तीन दिवस



आमच्या वेस्ट्रीच्या भिंतीवर दोन कॅलेंडरे टांगलेली असतात. एक मंडळीचे, ज्यात त्या त्या रविवारचे शास्त्रपाठ असतात. दुसरे घरोघरी असते तसले, एकादशी-अमावास्या दाखवणारे, ज्याच्या मागच्या पानावर कोणीतरी दुधाचा हिशोब लिहून ठेवलेला असतो. एरवी दोघांचे एकमेकांशी काही देणेघेणे नसते. पण २०२४ च्या मार्च महिन्यात ती दोन्ही २४ तारखेला येऊन भिडली. मंडळीच्या कॅलेंडरवर तो झावळ्यांचा रविवार होता. दुसऱ्या कॅलेंडरवर त्याच चौकटीत होळी होती, आणि खाली बारीक अक्षरांत जागतिक क्षयरोग दिन.

कमिटीची बैठक बसली तेव्हा तरुण संघाचा एक मुलगा कागदावर यादीच करून घेऊन आला. ८ मार्च महिला दिन, २२ मार्च जल दिन, २४ मार्च क्षयरोग दिन, ७ एप्रिल आरोग्य दिन, ११ एप्रिल सुरक्षित मातृत्व दिन, २२ एप्रिल वसुंधरा दिन. त्याचे म्हणणे एवढेच होते की मंडळीने यातले काही तरी पाळावे. आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ वडील, ज्यांना आम्ही सगळे आजोबाच म्हणतो, त्यांनी यादी दोनदा वाचली आणि विचारले, "आणि देवाचा दिवस कधी पाळायचा?"

आजोबांनी गलतीकरांस पत्राचा चौथा अध्याय काढला. दिवस, महिने आणि ऋतू पाळत बसलेल्या मंडळीबद्दल पौल तिथे काळजी व्यक्त करतो. मुलगाही तयारीनिशी आला होता. त्याने रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय काढला, जिथे तोच पौल म्हणतो की कोणी एका दिवसाला विशेष मानतो, कोणाला सगळे दिवस सारखे, आणि ज्याने त्याने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी. महिला मंडळाच्या बाई म्हणाल्या, "आम्ही मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन पाळतो, तोही बाहेरूनच आला ना?" खरेच आहे. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी १८८७ साली सुरू केलेली ती प्रार्थना १९२७ पासून जगभर होऊ लागली. २०२४ ची उपासना पॅलेस्टाइनच्या ख्रिस्ती भगिनींनी लिहिली होती, आणि तीन आठवड्यांपूर्वीच आमच्या भगिनींनी ती इथे वाचली होती.

वाद मिटला नाही. पण घरी जाताना आमच्या मनात आले की हा प्रश्न आपल्या गावाला काही नवा नाही. वसंतात कोणाचा दिवस कोणी पाळायचा, हे बुऱ्हाणपूर चारशे वर्षे पाहत आले आहे.

गावातल्या जामा मशिदीपासून सुरुवात करू. खानदेशचा फारुकी सुलतान राजा अली खान, म्हणजे आदिलशाह, याने ती बांधली. आत अरबी शिलालेख आहे, आणि त्याच मशिदीत संस्कृत शिलालेखही आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना तो आवर्जून दाखवतो. संस्कृत लेखात संवत १६४६ आणि शके १५११ अशी दोन्ही वर्षे कोरलेली आहेत, तर अरबी लेख हिजरी सन सांगतो. एकाच इमारतीत तीन कालगणना. कोणाचे वर्ष चैत्रात सुरू होते, कोणाचे कार्तिकात, कोणाचे मोहरममध्ये, म्हणून कोणी भांडले असेल असे त्या दगडाकडे पाहून तरी वाटत नाही.

मग मोगल आले. अकबराने १५८४ साली इलाही सन सुरू केला होता. त्याचे वर्ष सूर्य मेष राशीत शिरताना, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हा उजाडे. तोच नवरोज. अठरा-एकोणीस दिवस दरबार सजे, नजराणे दिले जात, बाजार भरे. १६०० पासून १६०१ च्या वसंतापर्यंत अकबराचा मुक्काम याच मुलखात होता, कारण आपल्या उत्तरेला डोंगरावर दिसतो तो असीरगड त्याला हवा होता. गड जानेवारी १६०१ मध्ये पडला.

आणि त्या छावणीत आपली माणसेही होती. येशूसंघीय फादर जेरोम झेवियर, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातले, आणि त्यांच्याबरोबर ब्रदर बेनेडिक्ट गोईस. गडावर खानदेशच्या सुलतानाच्या नोकरीत सात पोर्तुगीज होते. गड पडल्यावर ते कैदी झाले, तेव्हा फादरांनी बादशहाकडे रदबदली करून त्यांना मागून घेतले. तोफा, वेढा आणि नवरोज यांच्या मध्ये या दोघांनी लेंटचा काळ कसा पाळला असेल, याचा आम्ही पुष्कळदा विचार करतो. पोप ग्रेगरी यांनी १५८२ साली कॅलेंडरातून दहा दिवस वगळले होते, आणि हे फादर त्या नव्या कॅलेंडराने चालत.

चौदा वर्षांनी आलेला दुसरा ख्रिस्ती पाहुणा जुन्याच कॅलेंडराने चालत होता. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपुरात आला. बरोबर जॉन हॉल नावाचे त्याचे चॅप्लेन होते. इथे जहांगिराचा मुलगा शहाजादा परवेझ राहत होता. रोने त्याला भेटीदाखल दारूच्या बाटल्यांची पेटी पाठवली, आणि ठरलेली पुढची भेट होऊच शकली नाही, कारण शहाजादे त्या बाटल्यांपुढे आडवे झाले होते. (दारूबंदीवर बोलणाऱ्या आमच्या वक्त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.) रो इथे तापानेही आजारी पडला आणि मग अजमेरला गेला. तिथे पुढच्या वसंतात त्याने नवरोज पाहिला, तो त्याच्या डायरीप्रमाणे ११ मार्चला. आपल्या हिशोबाने २१ मार्च. इंग्लंडने नवे कॅलेंडर १७५२ पर्यंत स्वीकारले नाही. तोवर त्यांचे सरकारी वर्ष २५ मार्चला, मरीयेला देवदूताने दिलेल्या निरोपाच्या सणाला, बदलत असे. म्हणजे येशूवर विश्वास ठेवणाऱ्या दोन माणसांची वसंतातली तारीख दहा दिवसांनी वेगळी, आणि वर्ष बदलण्याचा दिवसही वेगळा.

नवरोजाचे पुढे काय झाले? औरंगजेब, ज्याने शहाजादा असताना बुऱ्हाणपुरात बरेच दिवस काढले होते, त्याने गादीवर येताच दरबारातला तो उत्सव बंद केला. बादशहाने सुरू केलेला दिवस बादशहानेच पुसला. गावातले होळी, पाडवा, ईद, मोहरम मात्र कोणाच्या हुकुमाने सुरू झाले नव्हते, म्हणून हुकुमाने थांबलेही नाहीत.

याच १६१५ सालाची आणखी एक गोष्ट आमच्या गावात आहे, आणि ती आजही वाहते आहे. रो तापाने फणफणत होता त्याच वर्षी अब्दुर्रहीम खानखानान यांच्या कारभारात शहरासाठी जमिनीखालून पाणी आणण्याचे काम झाले. त्यालाच आपण कुंडी भंडारा म्हणतो. पुष्कळजण खूनी भंडारा म्हणतात, आणि नावावरून मुले घाबरतात ती वेगळीच. इराणात अशी पाणीव्यवस्था पूर्वापार होती, आणि ती विद्या जाणणाऱ्या एका इराणी तज्ज्ञाने सातपुड्याच्या उतारावरून मुरणारे पाणी कुठे अडवता येईल ते शोधून काढले. जमिनीत भुयारे खणली, त्यांना अगदी बेताचा उतार दिला आणि पाणी आपल्याच वजनाने शहराकडे येऊ लागले. मोट नाही, पंप नाही. वाटेत ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या उभ्या कुंड्या, शंभरावर. त्यांतून भुयारात हवा जाते, लोकांना पाणी घेता येते, आणि आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांतून माणूस खाली उतरून साफसफाई करू शकतो.

तर २२ मार्चला, शुक्रवारी दुपारी, आम्ही रविवारशाळेच्या मुलांना तिथे नेले. आजोबांची याला हरकत नव्हती. सहल कोणत्याही दिवशी काढता येते, असे ते म्हणाले. जागतिक जल दिन हा तसा अगदी अलीकडचा. १९९२ साली रिओ द जानेरोच्या परिषदेत कल्पना निघाली, त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ठराव केला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. त्याच मार्च महिन्यात आमचा भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आल्याची बातमी होती, त्यामुळे मुले फुगली होती. लिफ्टने खाली उतरल्यावर आवाज बंद झाले. वर उन्हाची काहिली आणि खाली गारवा. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले. या पाण्यात कॅल्शियम फार आहे, ते थरावर थर बसत जाते आणि भुयार अरुंद होत जाते. एका मुलीने विचारले, "मग हे खरवडायचं कोणी?" तिला आम्ही शोमरोनी बाईची गोष्ट सांगणार होतो, योहानाच्या चौथ्या अध्यायातली, याकोबाच्या विहिरीची. ती सांगितलीही. पण त्या मुलीचा प्रश्न आमच्या गोष्टीपेक्षा चांगला होता.

कारण आपल्या जिल्ह्याला पाण्याबाबत एक मोठा मान मिळालेला आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले तेव्हा जिल्ह्याच्या खेड्यांतल्या ३७,२४१ घरांत नळ होता. जुलै २०२२ मध्ये २५४ गावांतल्या १,०१,९०५ घरांत तो पोहोचला आणि बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. ग्रामसभांनी ठराव करून ते मान्य केले. हा खरोखर अभिमानाचा दिवस होता. पण नळाला व्हॉल्व्ह असतो, टाकीला गाळ असतो, मोटरला वायंडिंग असते, आणि या कशालाच तारीख माहीत नसते.

मुलाच्या यादीत ११ एप्रिल होता. कस्तुरबा गांधींचा हा जन्मदिवस भारत सरकारने २००३ पासून राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन ठरवला आहे. आमच्या गावात या दिवसाला वेगळाच अर्थ येतो. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल इथेच, तापीकाठच्या किल्ल्यात गेली. नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला पुरले आणि सहा महिन्यांनी देह आग्र्याला नेला. हिंदुस्थानातले उत्तमोत्तम हकीम हाताशी असलेली बाई. ताजमहाल सगळ्यांना ठाऊक असतो. ती बाळंतपणात गेली, हे मात्र पुष्कळांना नव्याने सांगावे लागते.

आता २४ मार्चकडे येतो. हे लिहिणे आम्हांला जड जाते, पण ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहोत.

१८८२ साली २४ मार्चच्या संध्याकाळी बर्लिनमध्ये डॉ. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू सापडल्याचे जाहीर केले. माणसांच्या दर सात मृत्यूंमागे एक क्षयाने होतो, असा हिशोब त्यांनी त्या भाषणात मांडला होता. शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये, हा दिवस जगाने पाळावा असे ठरले. कॉख यांच्या शोधानंतरही औषध सापडायला साठ वर्षे गेली. तोवर रुग्णाला होती ती मोकळी हवा, विश्रांती, अंडी-दूध आणि कोणाचा तरी सहवास. आपल्या मराठी मंडळ्यांतल्या जुन्या लोकांना मिरजेजवळची वानलेसवाडी माहीत आहे. १८८९ मध्ये भारतात आलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या नावाचे क्षयरोग्यांसाठीचे आरोग्यधाम तिथे उभे राहिले. घरच्यांनी ज्याचे ताट वेगळे केले त्याच्या उशाशी बसणे हे आपल्या मंडळ्यांचे काम होते, असे आपण रौप्यमहोत्सवांत अभिमानाने सांगतो.

आणि आमच्या मंडळीत काय झाले? आमच्या एक काकू २०२३ च्या ऑक्टोबरपासून क्षयाची औषधे घेत होत्या. त्यांनी फक्त पाळकसाहेबांना सांगितले होते, पण अशी गोष्ट गावात राहत नाही. आमच्याकडे प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असते, आणि प्याला एकच फिरतो. डिसेंबरात काकू पुढे आल्या तेव्हा शेजारची व्यक्ती सरकून रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेली. कोणी काही बोलले नाही. जानेवारीत काकू शेवटच्या बाकावर बसल्या आणि भोजनाआधीच उठून गेल्या. फेब्रुवारीत तसेच, मार्चमध्ये तसेच. आम्ही सगळ्यांनी पाहिले. कमिटीने पाहिले. "त्यांना बरं नसेल," असे आम्ही एकमेकांना सांगितले.

बैठकीत कोणीच हे बोलले नव्हते. दोन दिवसांनी पाळकबाईंनी तो विषय काढला तेव्हा खोलीत शांतता पसरली. मग तोडगा निघाला. उपासना पूर्णपणे झावळ्यांच्या रविवारचीच होईल, तीत काही मिसळायचे नाही. आशीर्वाद झाल्यावर दहा मिनिटे मंडळीतल्या एक सिस्टर, ज्या सरकारी दवाखान्यात काम करतात, त्या बोलतील. व्यासपीठावरून नव्हे, पायरीवर उभ्या राहून. ही अट आजोबांची.

त्या रविवारी झावळ्या घेऊन मिरवणूक झाली, मुलांनी होसान्ना गाईले, बाहेरच्या चौकात संध्याकाळच्या होळीची लाकडे रचली जात होती. मग सिस्टर पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांनी काकूंचे नाव घेतले नाही. क्षय हवेतून पसरतो, खोकल्या-शिंकेतून, बंद खोलीत बराच वेळ बरोबर राहिल्याने. ताटवाटीतून, पेल्यातून, हात मिळवल्याने नाही. औषधे नीट सुरू झाली की काही आठवड्यांत संसर्ग देण्याची शक्यता फार कमी होते. सरकारी औषध फुकट मिळते, पण साधारण सहा महिने एकही दिवस न चुकवता घ्यावे लागते, आणि पोटात अन्न नसेल तर ते सोसत नाही.

आजोबा उभे राहिले. "प्याल्यातूनही नाही?" त्यांनी विचारले.

"नाही, आजोबा."

ते खाली बसले. डिसेंबरात सरकलेली व्यक्ती तेच होते. आमच्यातल्या पुष्कळांना हे माहीत होते. जे सरकले नव्हते त्यांनाही त्या दिवशी फार बरे वाटले असेल असे नाही.

पुढच्या रविवारी, ३१ मार्चला, पुनरुत्थानाचा सण होता, आणि दुसरा दिवस १ एप्रिल. या एप्रिल फूलबद्दल आपल्याकडे एक गोष्ट सांगतात: फ्रान्सच्या राजाने १५६४ साली नवे वर्ष जानेवारीत नेले, आणि जे जुन्याच दिवशी नववर्ष करत राहिले त्यांना लोक मूर्ख म्हणू लागले. गोष्ट छान आहे, पण टिकत नाही. एदुआर्द द देने या फ्लेमिश कवीने १५६१ सालीच १ एप्रिलला नोकराला खुळ्या कामांवर पाठवणाऱ्या मालकावर कविता लिहिली होती. थट्टा राजाज्ञेहून जुनी. आणि थट्टा चर्चच्या बाहेरच राहिली असेही नाही. जर्मन मुलखात, विशेषतः बव्हेरियात, ईस्टरच्या प्रवचनात धर्मगुरू लोकांना मुद्दाम हसवत, मरणाची फजिती झाली म्हणून. कधी कधी विनोद इतका घसरे की १५१८ साली बाझेलच्या एकोलाम्पाडियस यांनी त्यावर टीका केली. आमचे पाळकसाहेब असे काही करत नाहीत. त्यांनी एकदा प्रयत्न केला होता.

तर १ एप्रिलला सकाळी काकूंचा पाळकबाईंना फोन आला. कोर्स पूर्ण झाला, शेवटची थुंकीची तपासणीही स्वच्छ आली. पाळकबाई म्हणाल्या, "काकू, आजच्या दिवशी तरी अशी थट्टा करू नका हो." पलीकडे काकू इतक्या हसल्या की पूर्वीसारखा खोकला येईल की काय म्हणून पाळकबाईच घाबरल्या. खोकला आला नाही.

तरुण संघाने आता नि-क्षय मित्र म्हणून नाव नोंदवले आहे. सरकारची ही योजना सप्टेंबर २०२२ पासून आहे. रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दर महिन्याला पोषण आहाराची टोपली द्यायची. डाळ, तेल, शेंगदाणे, दूध पावडर. आम्ही दोन रुग्णांपासून सुरुवात केली, दोघेही आपल्या मंडळीतले नाहीत. टोपली पोहोचवण्याच्या तारखा घरगुती कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेल्या असतात, दुधाच्या हिशोबाशेजारी. पहिल्या महिन्यात एक तारीख आमच्याकडून चुकली. तो मुलगा रात्री साडेनऊला मोटारसायकलवर टोपली घेऊन गेला.

७ एप्रिलला महिन्याचा पहिला रविवार होता. प्रभुभोजनाला काकू पुढे आल्या आणि गुडघे टेकले. आजोबांना गुडघे टेकता येत नाहीत, ते उभेच राहतात. त्या दिवशी ते काठी टेकत काकूंच्या डाव्या हाताला येऊन उभे राहिले, म्हणजे प्याला काकूंकडून त्यांच्याकडे जाईल असे. प्याला आला. काकूंनी घेतला. आजोबांनी घेतला.

उपासनेनंतर वेस्ट्रीत अर्पणाची मोजदाद चालली असताना टोपलीची पुढची तारीख लिहायला आम्ही भिंतीजवळ गेलो, तेव्हा त्या दिवसाच्या चौकटीत बारीक अक्षरांत छापलेले दिसले: जागतिक आरोग्य दिन. यादी करणाऱ्या मुलाच्यासुद्धा ते लक्षात राहिले नव्हते.